संगीत-विचार : सरकता सूर

मागील अंकीं आम्हीं तंबोऱ्याच्या जुळवणीविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर वाचकांचीं जीं पत्रें आलीं, त्यांतील एक नाशिकजवळच्या एकलहऱ्याहून आलेलें आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतींत राहणाऱ्या एका एकत्र कुटुंबांतील सूनबाईंनीं तें लिहिलें आहे. पत्र घरगुती असल्यामुळें त्यांचें नांव आम्ही देत नाहीं. परंतु त्यांनीं विचारलेला प्रश्न आज अनेक घरांत उभा राहत असल्यामुळें या महिन्याचें आमचें टिपण आम्हीं त्या एकाच प्रश्नास वाहिलें आहे.

पत्राचा सारांश असा. त्यांची कन्या सोळा वर्षांची आहे. वयाच्या आठव्या वर्षापासून ती आजोबांच्या देखरेखीखालीं गाणें शिकत होती. गेल्या वर्षीं तिच्या गळ्यास विकार जडला आणि दीर्घकाळ गाऊं नये असें वैद्यांनीं निक्षून सांगितलें. तेव्हांपासून मुलगी अबोल झाली. पुढें तिच्या काकांची माळ्यावर पडलेली एक जुनी गिटार तिच्या हातीं लागली. कोठेंतरी ऐकलें-पाहिलें होतें त्यावरून तिनें ती मांडीवर आडवी घेतली आणि एक गुळगुळीत पोलादी दांडी तारेवर सरकवून यमनाचे स्वर शोधावयास सुरुवात केली. मुलगी पुन्हा बोलूं लागली. पण घरांत वाद उत्पन्न झाला. मामंजींचें म्हणणें असें कीं, ज्या खोलींत तंबोरा उभा आहे तेथें उपाहारगृहांतलें हें वाद्य नको. एक तर तें परकें, आणि दुसरें म्हणजे त्या घसरगुंडीनें पोरीचा तयार झालेला कान बिघडेल. सासूबाई नातीच्या बाजूच्या आहेत. सूनबाईंस दोघांचेंही मन मोडावयाचें नाहीं. "आपण काय म्हणतां?" असा त्यांचा प्रश्न आहे.

आजोबांच्या आक्षेपांत दोन निराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. वाद्य परकें आहे ही एक, आणि त्यानें कान बिघडेल ही दुसरी. आमच्या मतें पहिला आक्षेप टिकणारा नाहीं. दुसरा मात्र अगदीं खरा आहे, आणि त्याच्या खरेपणांतच या घरगुती वादाचा निकाल आहे. दोहोंचा क्रमानें विचार करूं.

लांकडी पेटीवर तारा ताणून केलेली गिटार युरोपांतून आली, याबद्दल वाद नाहीं. परंतु ही मुलगी गिटार ज्या रीतीनें वाजवीत आहे, ती रीत कोणाची? तारेस पडद्यावर बोटानें न दाबतां, एखादी कठीण व गुळगुळीत वस्तु तारेवर सरकवून स्वर काढणें ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. आणि तिची नोंद ज्या ग्रंथांत सविस्तर सांपडते तो ग्रंथ महाराष्ट्रांतच लिहिला गेला. तेराव्या शतकांत देवगिरीस यादवराजा सिंघण याच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा पंडित होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेंत आले होते आणि तो स्वतः राजाच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. दिवसा जमाखर्च पाहणाऱ्या या गृहस्थानें 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यांत एकतंत्री वीणेचें वर्णन आहे. या वीणेस एकच तार, पडदा एकही नाहीं, आणि डाव्या हातांत 'कम्रिका' नांवाची वेळूची कांब धरून ती तारेवरून फिरवावयाची. शार्ङ्गदेवानें या वीणेस सर्व वीणांत अग्रमान दिला आहे. तिची दांडी म्हणजे शंभु व तार म्हणजे उमा, अशी तिच्या एकेका अवयवांत देवतांची स्थापना केली आहे. एकलहऱ्याहून सिन्नर दूर नाहीं, आणि देवगिरीस जाण्यापूर्वीं यादवांचें ठाणें सिन्नर येथेंच होतें. तेव्हां एकलहऱ्याच्या मुलीनें तारेवर कांब सरकविली तर ती परमुलखांतून कांहीं उचलून आणीत आहे, असें निदान इतिहास तरी म्हणणार नाहीं.

हीच रीत पुढें दोन शाखांनीं वाढली. उत्तरेंत विचित्र वीणा झाली. तिच्या तारांवर कांचेचा अंडाकृति बट्टा फिरवितात. पतियाळा दरबारचे अब्दुल अजीज खाँ यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तिला मैफलींत आणलें आणि पुढें बनारसच्या हिंदु विश्वविद्यालयांतील लालमणि मिश्र (१९२४–१९७९) यांनीं तिची परंपरा चालविली. दक्षिणेंतील शाखा आम्हां मराठी लोकांच्या अधिक जिव्हाळ्याची असावयास पाहिजे, आणि तीच आम्हांस सर्वांत कमी ठाऊक आहे.

छत्रपति शिवाजीमहाराजांचे बंधु व्यंकोजीराजे यांनीं १६७६ च्या सुमारास तंजावर येथें राज्य स्थापिलें आणि तें १८५५ पर्यंत भोंसल्यांच्या वंशांत चाललें. या राजांपैकीं तुळजाजी यांनीं 'संगीतसारामृत' नांवाचा ग्रंथ रचिला. राजांबरोबर शेंकडों मराठी कुटुंबें कावेरीकांठीं जाऊन राहिलीं. राज्य गेलें तरी तीं तेथेंच राहिलीं आणि त्यांच्या घरांत विद्या राहिली. कुंभकोणम्‌जवळच्या तिरुविडैमरुदूर गांवचे सखारामराव हे याच परंपरेंतले. नांवच त्यांचें मूळ सांगतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं, बिनपडद्याच्या वीणेवर लांकडी तुकडा सरकवून वाजविण्याची विस्मृतप्राय झालेली कला त्यांनीं पुन्हा मैफलींत आणली. या वाद्यास 'गोट्टुवाद्यम्' हें नांव त्यांनींच दिलें असें मानितात. बुदलूर कृष्णमूर्ति शास्त्री (१८९४–१९७८) हे त्यांचे नामांकित शिष्य. इतकेंच नव्हे, तर कर्नाटक गायनांतले महापुरुष म्हणून ज्यांचा गौरव झाला ते सेम्मंगुडि श्रीनिवास अय्यर (१९०८–२००३) हेही लहानपणीं कांहीं काळ सखारामरावांपाशीं शिकले. गळ्यानें गाणाऱ्या मुलास सरकत्या तारेचा उस्ताद गुरु लाभावा, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे. गोट्टुवाद्यम् आज बहुधा 'चित्रवीणा' या नांवानें ओळखलें जातें; त्यास वीस-एकवीस तारा असतात, आणि म्हैसूर दरबारचे नारायण अय्यंगार व त्यांचे नातू रविकिरण यांनीं तें देशांत व परदेशांत नेलें.

आतां गिटारीकडे वळूं. प्रशांत महासागरांतील हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकांत मेक्सिकोच्या गुराख्यांबरोबर गिटार पोंचली. तेथें जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) नांवाच्या एका शाळकरी मुलानें १८८५ ते १८८९ च्या दरम्यान केव्हांतरी ती मांडीवर आडवी ठेवून पोलादाच्या तुकड्यानें वाजविण्याची युक्ति काढली, असें सामान्यतः मानितात. मात्र त्याच बेटांत दुसराही एक दावा सांगितला जातो. गॅब्रिएल डेव्हियन नांवाचा एक तरुण १८८४ च्या सुमारास होनोलुलूंत अशाच रीतीनें तार वाजवीत असे. तो हिंदुस्थानांत जन्मलेला होता व एका जहाजाच्या कप्तानानें त्याला लहानपणीं पळवून नेलें होतें, असें त्या काळच्या एका हवाई संगीतकारानें सांगून ठेविलें आहे. एवढ्यावरून हवाईची गिटार आमचीच, असा डंका पिटणें शहाणपणाचें होणार नाहीं. निरनिराळ्या देशांतील माणसांना एकच युक्ति स्वतंत्रपणें सुचूं शकते. मात्र मानवी गळा जसा एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटतां जातो तसें तारेनेंही जावें, ही ओढ सर्व देशांत सारखीच आहे, एवढें यावरून खास दिसतें.

१९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहरीं भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर हें हवाई वादन जगभर पसरलें. हवाईचे वादक आपल्याकडेही आले. त्यांपैकीं टाऊ मो आणि त्यांचें कुटुंब १९४० नंतरचीं कांहीं वर्षें कलकत्त्यास राहिलें. मग ध्वनिमुद्रिकांचा व चित्रपटांचा काळ आला. लखनौचे वॅन शिप्ले (१९२७–२००८) मुंबईस आले आणि विजेच्या गिटारीवर चित्रपटगीतें वाजवूं लागले. पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांच्या अकॉर्डियनबरोबरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या. हजारा सिंग, कलकत्त्याचे सुनील गांगुली यांनींही हेंच केलें. १९६० ते १९८० च्या दरम्यान ज्यांचें तारुण्य गेलें, त्यांनीं गिटार ऐकली ती अशी: उपाहारगृहांत, लग्नमंडपांत, रेडिओवरील दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटींत. आजोबांच्या मनांत गिटारीचें जें चित्र आहे तें येथून आलेलें आहे, व तें खोटें नाहीं. मात्र तें पुरें नाहीं.

कारण याच काळांत दुसरी गोष्ट घडत होती. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनीं गिटारीस चिकारीच्या व षड्जाच्या तारा जोडल्या आणि तिच्यावर आलाप, जोड, झाला अशी रागाची पुरी मांडणी केली. १९६७ सालीं 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तींत शिवकुमार शर्मा यांचें संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी, माणिकराव पोपटकर यांचा तबला आणि काबरा यांची गिटार आहे. काश्मीरच्या खोऱ्यांतील एका मेंढपाळाचा दिवस सकाळच्या अहीरभैरवापासून पुढें रागांनीं रंगविला आहे. ज्यांनीं ती ऐकली असेल त्यांना 'उपाहारगृहांतलें वाद्य' हा शब्द उच्चारणें जड जाईल. पुढें जयपूरचे विश्वमोहन भट (जन्म १९५०) यांनीं गिटारीस तरफेच्या तारा लावून तिची 'मोहनवीणा' केली. अमेरिकन वादक राय कूडर यांच्यासह केलेल्या ध्वनिमुद्रिकेबद्दल त्यांस १९९४ मध्यें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. कलकत्त्याचे देवाशीष भट्टाचार्य (जन्म १९६३) हे काबरांचे शिष्य. त्यांनीं 'चतुरंगी', 'गांधर्वी' व 'आनंदी' अशीं तीन निरनिराळ्या आकारांचीं वाद्यें बनविलीं. आणि आमच्या भगिनीवर्गाकरितां मुद्दाम सांगावयाचें म्हणजे, काशीच्या कमला शंकर यांनीं याच वाद्यावर गायकी अंगानें वादन करून नांव मिळविलें आहे.

परकें वाद्य आपलेंसें करण्याचा हा कांहीं पहिला प्रसंग नव्हे. व्हायोलिन इंग्रजांबरोबर दक्षिणेंत आलें. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधु बाळुस्वामी दीक्षित यांनीं तें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कर्नाटक संगीतांत रुजविलें, आणि आज त्याच्यावांचून तिकडील मैफल उभीच राहत नाहीं. आपल्याकडे गजाननराव जोशी, विष्णु गोविंद जोग, दामोदर केशव दातार यांच्या हातांत तें परकें वाटलें असें कोण म्हणेल? आणि पेटीचें काय? पेटी तर फ्रान्समधून आली. तिच्यावर मींड निघत नाहीं, म्हणून जाणत्यांनीं तिला पुष्कळ बोल लाविले. आकाशवाणीनें तर १९४० पासून सुमारें तीस वर्षें तिला दाराबाहेर ठेविलें. तरी ती आमच्या देवघराशेजारीं बसली आहे आणि भजनांत तिचा सूर आम्हांस गोड लागतो. जिच्यांत मींड नाहीं ती परदेशी पेटी घरांत चालते, आणि जिच्यांत मींडेवांचून दुसरें कांहींच नाहीं ती गिटार परकी म्हणून दाराशीं अडते, हें आम्हांस तरी न्यायाचें दिसत नाहीं.

आतां दुसरा आक्षेप. त्यानें कान बिघडेल काय? येथें आम्ही आजोबांच्या बाजूस आहों. बिघडूं शकेल, आणि तो कां बिघडतो हें समजण्यासाठीं थोडें गणित पाहणें अवश्य आहे.

समजा, तारेची मोकळी लांबी २४ इंच आहे आणि ती मोकळी छेडली असतां षड्ज बोलतो. दांडी बरोबर मध्यावर, म्हणजे १२ इंचांवर ठेविली कीं तार-षड्ज मिळतो. खुंट्यांकडील टोंकापासून ६ इंचांवर शुद्ध मध्यम आणि ८ इंचांवर पंचम. येथवर सोपें आहे. आतां ऋषभ घ्या. ऋषभाचीं दोन शुद्ध स्थानें मानितात. एक षड्जाच्या सव्वापटीहून कमी, म्हणजे ९/८ प्रमाणाचें, दुसरें १०/९ प्रमाणाचें. पहिलें टोंकापासून सुमारें २.६७ इंचांवर पडतें, दुसरें २.४ इंचांवर. दोहोंत अंतर पाव इंचाहून किंचित् जास्त! तार-सप्तकांत तेंच अंतर निम्मे होतें. म्हणजे हरभऱ्याच्या डाळीइतक्या जागेंत एक श्रुति मावते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० मध्यें ज्या बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या श्रुति या तारेवर अशा शेजारीं-शेजारीं उभ्या असतात, आणि सरकती दांडी त्यांतील कोणत्याही जागीं थांबूं शकते. हेंच तिचें वैभव, आणि हाच तिचा धोका.

कोणी म्हणेल, गिटारीस पडदे असतातच. त्यांच्या रेघा पाहून दांडी ठेवावी. परंतु आडव्या वादनांत तारा उंच उचललेल्या असतात. दांडी पडद्यास लागतच नाहीं. रेघा केवळ डोळ्यांस दिसतात. शिवाय त्या रेघा पाश्चात्त्य समविभागाच्या सप्तकाप्रमाणें आंखलेल्या आहेत. आमच्या २४ इंची तारेवर तंबोऱ्याशीं मिळणारा शुद्ध गांधार ४.८ इंचांवर आहे. रेघ मात्र ४.९५ इंचांवर असते. जो डोळ्यानें वाजवील त्याचा गांधार जन्मभर चढा लागेल. पेटीच्या गांधाराविरुद्ध जुन्या गवयांची हीच तक्रार होती. पेटीवाल्यास निदान सबब आहे; त्याची पट्टी त्याला हलवितां येत नाहीं. सरकती दांडी धरणारास ती सबब नाहीं.

या वाद्यांत जे दोष नेहमीं आढळतात ते आम्ही येथें सांगतों, म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांस ते पकडतां येतील. दांडी तारेवर दाबूं नये. तिचें स्वतःचें वजन पुरे. दाबली तर तार खालीं वांकते, स्वर चढतो आणि पडद्याशीं खरखर होते. दांडी तारेशीं काटकोनांत असावी. दांडीच्या मागें, खुंट्यांच्या बाजूस जो तारेचा भाग उरतो तोही वाजूं पाहतो आणि मुख्य स्वरांत गढूळपणा आणतो; म्हणून डाव्या हाताचीं मोकळीं बोटें दांडीमागून तारेवर हलकींच टेकलेलीं ठेवावीं. उजव्या हाताच्या अंगठ्यास व बोटांस नख्या घालून आघात करावयाचा. तारेचा नाद दर क्षणीं क्षीण होत असतो, म्हणून जी मींड घ्यावयाची तिचा हिशेब आघातापूर्वींच मनांत झाला पाहिजे. सितारीवर मींड तार ओढून घेतात, त्यामुळें तिला मर्यादा पडते; येथें एका आघातांत सबंध सप्तक ओलांडतां येतें. मोह होतो तो यामुळेंच.

आणि दोन दोष सर्वांत घातक आहेत. पहिला असा कीं, प्रत्येक स्वरास घसरतच जावयाचें. मींड हा अलंकार आहे, चालण्याची रीत नव्हे. दोन स्वर सुटे, स्वच्छ, मधल्या वाटेचा मागमूस न ठेवतां लावणें हें या वाद्यावर मींडेहून अवघड आहे. त्यासाठीं दांडी हलत असतां तार क्षणभर मुकी करावी लागते. ज्यास हें साधलें नाहीं त्याची मींडही खरी नव्हे, कारण त्याला दुसरें कांहीं येतच नाहीं. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. स्वराची जागा सांपडली नाहीं म्हणजे वादक हात थरथरवितो. त्या कंपांत जागा चुकल्याचें झांकून जातें, आणि भोळा श्रोता त्यालाच भावना समजतो. आजोबा ज्याला घसरगुंडी म्हणतात ती हीच. ती त्यांनीं ओळखली, यावरून त्यांचा कान किती चांगला आहे हें कळतें.

म्हणूनच आमचें या घरास सांगणें असें कीं, वाद्य बाहेर काढूं नका. उलट आजोबांस त्याच्यासमोर बसवा. जेथें पडदा नाहीं तेथें कानच पडदा असतो, आणि सोळा वर्षांच्या मुलीचा कान कितीही तयार असला तरी त्याला साक्षी लागतो. हा साक्षी यंत्र होऊं शकत नाहीं. सूर दाखविणारीं यंत्रें हल्लीं सर्वत्र मिळतात. पण तीं बहुधा समविभागाचीच पट्टी दाखवितात आणि चढा गांधार बरोबर म्हणून पसंत करितात. ज्यांनीं चार तपें तंबोऱ्याशीं बसून काढलीं, अशा आजोबांचें एक "अंहं" या कामीं शंभर यंत्रांपेक्षां मोलाचें आहे. त्यांनीं गिटार हातीं धरावयाची नाहीं. तंबोरा छेडावयाचा आणि ऐकावयाचें. नातीचा कान बिघडेल ही ज्यांस भीति, तेच तो बिघडूं न देण्यास समर्थ आहेत. तंबोऱ्याच्या खोलींत गिटार नको, असें त्यांचें म्हणणें आहे. आमचें म्हणणें असें कीं, ती त्याच खोलींत असावी, दुसऱ्या कोणत्याही खोलींत नसावी.

मुलीस एक गोष्ट स्वतंत्रपणें सांगावयाची आहे. आठ वर्षांचें गाणें वाया गेलें, असें तिनें समजूं नये. सेम्मंगुडि यांनीं सरकत्या तारेपाशीं गाणें शिकलें. गाण्यापासून सरकत्या तारेकडे जाणारी वाट तीच आहे, फक्त उलट दिशेची. गळा न ताणतां, ओंठही न हलवितां ओळ आधीं मनांत पुरी गावी, श्वास कोठें घ्यावयाचा तेंही ठरवावें, आणि मग दांडी हलवावी. ज्यानें कधीं गाइलेंच नाहीं त्यास हें शिकावयास वर्षें लागतात. तिच्यापाशीं तें आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. तारामंडळांत कोणी ऐकणारा असेल तर त्यास मनुष्यजातीची ओळख पटावी, म्हणून त्यांवर एक सोनेरी तबकडी बसविली आहे. तीवर गोमंतकांतल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. आणि त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन या अंध निग्रो गायकाचें १९२७ चें एक ध्वनिमुद्रण आहे. त्यांत शब्द एकही नाहीं. गिटारीच्या तारेवर कठीण वस्तु सरकवून काढलेले स्वर आणि त्यांच्या बरोबरीनें चाललेलें गुणगुणणें, एवढेंच. कोठें गळा थांबतो व कोठें तार सुरू होते, हें पुष्कळदां कळत नाहीं. निवडणारांस गळा आणि सरकती तार ही दोन्हीं एकाच पंक्तींत बसण्यास योग्य वाटलीं. आम्हांसही तसेंच वाटतें.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. जुन्या गिटारीच्या तारा वाद्यें दुरुस्त करणाराकडून उंच करून घ्याव्या, नाहींतर दांडी पडद्यांवर आपटेल. महागड्या तरफेच्या वाद्याची घाई करूं नये. पहिले सहा महिने एकाच तारेवर षड्ज, पंचम, मध्यम व तार-षड्ज एवढेच स्वर तंबोऱ्याबरोबर लावावे; नंतर गांधार; ऋषभ-धैवत सर्वांत शेवटीं. मींड तोंपर्यंत वर्ज्य. शिक्षक या वाद्याचाच मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास सितारीचा किंवा गाण्याचा चांगला शिक्षक चालेल, मात्र चित्रपटगीतें आठवड्यांत बसवून देणाराच्या वाऱ्यासही उभें राहूं नये. आणि घरांतल्या सर्वांनीं मिळून एका रात्रीं काबरांचा आलाप व दुसऱ्या रात्रीं केसरबाई ऐकाव्या. त्यावर वाद घालण्यास हरकत नाहीं.

शेवटीं एक विनंति. तंजावर, कुंभकोणम् व मद्रास या बाजूच्या मराठी घरांतही हा अंक जातो. त्यांपैकीं कोणाच्या माळ्यावर वाडवडिलांचें एखादें गोट्टुवाद्यम् कापडांत गुंडाळून ठेविलेलें असेल, तर तें या महिन्यांत खालीं काढावें, धूळ झटकावी, निदान एक तार चढवावी आणि घरांतल्या सर्वांत लहान मुलास ती छेडूं द्यावी. मग आम्हांस चार ओळी लिहाव्या; त्या आम्ही या पानावर आनंदानें छापूं.